मास्तर जागा बघून आले

गिऱ्हाइकाने कागदावर लिहून आणलेलं माप शिंपीमास्तरांनी उभ्या जन्मात घेतलं नाही. माणूस समोर उभा पाहिजे, टेप आपल्या हातात पाहिजे, मगच कात्री. घरातही तीच तऱ्हा. भाड्याची खोली असो की लेकीचं कॉलेज, मास्तर स्वतः जाऊन बघून येत आणि मग ते म्हणतील ती पूर्व दिशा. बायको गेल्यापासून दुसरं मत द्यायला घरात कुणी उरलंही नव्हतं.

लेक एक्स-रे काढायचं शिकत होती. दुसऱ्या वर्षाला असताना तिने विचारलं, नाइटक्लबमध्ये काम मिळतंय, घेऊ का? आठवड्यातून तीन रात्री, येणाऱ्यांचे कोट आणि छत्र्या सांभाळायच्या. फीला हातभार लागेल आणि सकाळचे तास बुडणार नाहीत. मास्तरांना ते रुचलं नाही. पण सरळ नाही म्हणायची सोय नव्हती. पोरगी वकिलालाही पाणी पाजील अशी. ते म्हणाले, बघून येतो.

दुपारी चारला ते गेले. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, एक बाई फरशी पुसत होती. मॅनेजरने दाराजवळची कोटांची खोली दाखवली. आत कोट अडकवायच्या आकड्यांची रांग, एक खुर्ची, वर चांगला दिवा. तो म्हणाला, गर्दी येताना आणि जाताना तेवढी धावपळ, मधल्या वेळात मुली पुस्तक वाचतात, घरी सोडायला गाडी असते. फरशी पुसणारी म्हणाली, माझी भाची इथेच बसून शिकली. मास्तर खोड काढायला गेले होते आणि खोड काही सापडेना, याचाच त्यांना राग आला.

परतीच्या वाटेवर त्यांना बहीण आठवली. पोरीला क्लबात धाडलीस, असं चारचौघांत विचारायला ती कमी करणार नव्हती. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? घरी येऊन त्यांनी चप्पल काढता काढता सांगितलं, "जागा बरी नाही, बाळ. मी डोळ्यांनी पाहिली."

सवय नसलेल्याचं खोटं लगेच पकडलं जातं म्हणतात. मास्तरांचं नाही पकडलं गेलं. ज्या माणसाने आयुष्यात कधी इंचभर खोटं सांगितलं नाही, त्याच्यावर शंका कोण घेणार? लेकीने क्लबाला नकार कळवला.

तिने बेकरीतलं पहाटेचं काम धरलं. पाचला कामावर, सुटेपर्यंत आठ वाजायचे, म्हणून आठच्या प्रॅक्टिकलला रोज उशीर. हजेरी भरली नाही, परीक्षेला बसू दिलं नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणता म्हणता शिक्षण सुटलं ते सुटलंच. त्या वर्षात मास्तरांना खरं सांगायला तीनशे पासष्ट दिवस होते. रोज जिभेवर यायचं आणि रोज ते गिळायचे. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. पोरीचं नुकसान व्हायला तेवढं पुरलं.

याला बारा वर्षं झाली. लेक आता त्याच बेकरीचा गल्ला सांभाळते आणि दुपारी दुकानात येऊन बापाला काज-बटणाला मदत करते. परवा शेजारच्या फोटो-फ्रेमवाल्याची मुलगी आली. कॉलेजात शिकतेय, तिलाही अशाच एका क्लबात काम मिळत होतं. ताई, काय करू?

"तुझ्या बाबांना आधी जाऊन बघून यायला सांग," लेक म्हणाली. "माझे गेले होते, म्हणून मी वाचले."

मास्तरांनी हातातलं कापड खाली ठेवलं.

"जागा चांगली होती," ते म्हणाले. "मी खोटं बोललो होतो."

फ्रेमवाल्याच्या मुलीने दोघांकडे पाहिलं आणि नंतर येते म्हणून निघून गेली. लेकीने बटणाच्या दोऱ्याला गाठ मारली.

"मग तेव्हा सरळ 'नको' का म्हणाला नाहीत? मी भांडले असते, बाबा."

"ठाऊक होतं," मास्तर म्हणाले. "म्हणूनच 'नको' म्हणालो नाही."