गयाचा रकाना

ज्या साली पानी साचत न्हाई, त्या साली किस्से लई साचतेत. त्या उन्हाळ्यात आमच्या गावची दूध सोसायटी बंद पडल्यागतच झालती. जनावरं आटली, कॅन पालथे. पर सोसायटीचा ओटा सावलीत हाय, म्हनून टँकर येईस्तोवर आमी बाया तिथंच. तीन-तीन घंटे बसून मानूस करतंय काय? दुसऱ्याचंच बघतंय. त्यात सरकारनं मानसं मोजायला काढली, आन् ह्या बारीला जात बी इचारायची म्हनं. मंग काय, पान्याबिगर बी समद्यांची तोंडं वल्ली!

* * *

सोसायटीचे चेअरमन वरल्या आळीचे. कोनती आळी कोनत्या जातीची ते सांगत न्हाई, दोन्हीकडची मानसं माझ्याकडं चहा पेतेत. तर चेअरमननी ओट्यावर भाषन ठोकलं. जात इचारनं लई वाईट, गावात फूट पडंल, मानसाला मानूस म्हनून मोजा, असं अर्धा घंटा. बाया पेंगाया लागल्या. उतरता उतरता आपल्या आळीच्या बायांकडं वाकून हळूच म्हनले, "पर आपलं एक बी नाव सुटू देऊ नका. पाळन्यातलं बी."

* * *

खालच्या आळीचे तात्या सोसायटीचे मेंबर. दुसऱ्या दिशी त्यांचं उलटं भाषन. मोजल्याबिगर कळंल कसं, कोन किती हाय आन् कोनाला किती भेटतंय? खरं सांगते, मला पटलं. आमच्याकडं टँकरला बी दोन रांगा, एक वरल्या आळीची, एक खालच्या आळीची. म्या इचारलं, "तात्या, मोजून झालं की टँकरची एकच रांग करायची का?"

तात्यानं खिशातला फोन काढून कानाला लावला. वाजला तर नव्हता.

* * *

मोजायला आले शाळेतले गुरुजी. कोकनातून बदलून आलेले, गरीब मानूस. पैलं घर माझं. नाव लिवलं. वय म्या दर बारीला येगळं सांगते, ते बी लिवलं. शिक्षन तिसरी नापास. जातीपाशी आले आन् पेन घुटमळाया लागला. "आजी, सरकारी काम आहे, राग मानू नका."

म्या म्हनलं, "दोन वर्सं माझ्या हातचा चहा पेताव. तवा कावून इचारलं न्हाई?"

कप व्हटापाशी तसाच राह्यला. प्यावं का ठिवावं, समजंना त्यांना. शेवटाला म्याच सांगून टाकली जात. चहा गार व्हायलता.

* * *

ऊसतोडीच्या टोळ्या परत आलत्या. मुकादमाच्या दारात गुरुजींनी इचारलं, तुमच्या टोळीत जन किती? मुकादम म्हनला, "साडेसात."

गुरुजी बघतच राह्यले. आमच्याकडं नवरा-बायकोची जोडी म्हंजी एक कोयता. एकटं मानूस म्हंजी अर्धा कोयता. जलमभर कोयते मोजलेला मुकादम, त्यानं मानसं बी तशीच मोजली. गुरुजी इचारतेत, "अर्धं कोण?"

अर्धी म्हंजी गया. चेअरमनची सख्खी पुतनी. पळून जाऊन लगीन केलं ते तात्याच्या धाकट्या भावासंगं. तो उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला, तवापासून एकटीच तोडती. टँकर आला की ती दोन्ही रांगांच्या मागं. तिच्या घागरीत तळातला गाळच पडायचा.

गया पुढं आली. म्हनली, "गुरुजी, मला अख्खी लिवा."

* * *

अख्खी तर लिवली, पर जातीच्या रकान्यात काय लिवायचं? गुरुजी चेअरमनकडं गेले. ते म्हनले, ती आमाला तवाच मेली. तात्याकडं गेले. ते म्हनले, भाऊ गेला, नातं गेलं. रिकामा रकाना घिऊन गुरुजी ओट्यावर येऊन बसले, कपाळ चोळीत. सगळ्या गावाची जात लिहून झाली म्हनं, हिचीच कशी सापडत नाही?

म्या म्हनलं, "गनित तुमीच शिकवताव की. दोन्हीकडून वजा केल्यावर उरतंय काय?"

* * *

मंग गावात कुनीतरी उठवलं, का दोन्ही आळ्यांची मानसं सारखीच भरायलीत, आन् ज्या आळीचं एक मानूस जास्ती, तिचाच पुढला चेअरमन. कुनी उठवलं ते मी सांगत न्हाई.

सांजच्यालाच चेअरमन गयाच्या दारात. संगं पान्यानं भरलेला ड्रम. "पोरी, रगत काय तुटतंय व्हय?" सकाळी तात्या आले, दोन ड्रम घिऊन. तू आमच्या घरची लक्ष्मी म्हनं. म्या आपलं जाता जाता चेअरमनच्या कानावर घातलं, तात्याचे दोन झाले. त्यांनी मागंपुढं बघितलं न्हाई, आनखी दोन धाडले. इतकी वर्सं जिला धड एक घागर भरू दिली न्हाई, तिच्या दारात आता म्हशी धुवाव्यात येवढं पानी. आन् आमी ओट्यावर घसा कोरडा करून बसलेल्या. डोस्कं फिरंल न्हाई तर काय!

* * *

आठ दिसांनी गुरुजी कागद घिऊन गयाच्या दारात आले. एका अंगाला चेअरमन, दुसऱ्या अंगाला तात्या, आन् दोघं बी गुरुजीला सांगायलेत काय लिवायचं ते. म्या ड्रमाच्या सावलीला बसलते. गया भांडी घासीत व्हती, निवळसंख पान्यानं. हात पुसले आन् इचारलं, "गुरुजी, एकदा लिवलं की खोडता येतंय का?"

"नाही हो, बाई."

"आन् कागद कवा द्यायचेत?"

"वेळ आहे. पावसाळा लागला की."

गयानं एकेक करून समद्या ड्रमांवर झाकनं ठिवली.

"मंग टँकर बंद झाल्यावर या."