पडद्याची डावी बाजू

हरेश्वर गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या गळ्यात परिषदेचा बिल्ला होता. मोठ्या पडद्याच्या सिनेमाचा धंदा करणारे आम्ही लोक वर्षातून एकदा एका प्रदर्शनाच्या हॉलमध्ये जमतो. प्रोजेक्टरवाले, स्पीकरवाले, खुर्च्या बनवणारे, मल्टिप्लेक्सचे मालक, विज्ञान केंद्रातल्या घुमटावर सिनेमा दाखवणारे सरकारी अधिकारी. एका बाजूला भाषणं, दुसऱ्या बाजूला स्टॉल. समोरच्या स्टॉलवर चार मजली ज्वालामुखी फुटत होता, त्यामुळे फोनवरचं पहिलं वाक्य मला ऐकूच आलं नाही. रंजनाताई बोलत होत्या. हरेश्वरच्या धाकट्या भावाची, वामनची, ही विधवा. "दादा गेले," त्या पुन्हा म्हणाल्या. कळंबच्या किनाऱ्यावर होडी वर ओढताना छातीत कळ आली आणि दोर हातात धरूनच ते वाळूत बसले, ते उठलेच नाहीत. पाचला नेणार आहोत, यायचं तर या. चार वाजता माझं भाषण होतं. मी ते केलं. कळंबला पोचलो तेव्हा चिता अर्ध्यावर आली होती आणि माणसं पांगत होती. आज महिना उलटून गेल्यावर हे लिहितो आहे. हरेश्वर कसा होता ते सांगायचं आहे, आणि त्याच्यापासून नऊ वर्षं जे लपवलं तेही.

वसईच्या पूर्वेला आमचा पडदे बनवण्याचा कारखाना आहे. लोकांना वाटतं सिनेमाचा पडदा म्हणजे कापड. तो प्लास्टिकचा असतो, पट्ट्या जोडून केलेला, आवाज यावा म्हणून त्याला टाचणीच्या टोकाएवढी लाखो भोकं असतात आणि वर चंदेरी रंग मारलेला असतो. त्याच्या चारही कडांना धातूच्या रिंगा, आणि या रिंगांतून नायलॉनचा दोर आणि स्प्रिंगा घालून तो पाइपच्या चौकटीवर ताणायचा. मोठ्या पडद्याला असा ताण दिला की चौकटीवर काही टनांचा ओढा येतो. हे काम जमणारा माणूस कारखान्याला मिळत नव्हता, तेव्हा कोणीतरी कळंबहून हरेश्वरला आणलं. जाळी विणणारा, मासेमारीतून बाहेर पडू पाहणारा, माझ्याच वयाचा. मी तेव्हा तुळिंजहून सायकलने येणारा साधा कारकून होतो. तो मला पहिल्या दिवसापासून सुध्या म्हणायचा. पुढे मी विक्री विभागाचा व्यवस्थापक झालो, तेव्हा साहेब म्हणायला लागला, पण असा म्हणायचा की त्यापेक्षा सुध्या बरं वाटावं.

त्याचा राग कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होता. चंदेरी पडद्याला बोट लागलं तर डाग कायमचा बसतो, आणि प्रदर्शनात येणाऱ्या प्रत्येकाला नेमकं बोट लावूनच पाहायचं असतं. हैदराबादच्या प्रदर्शनात एका थिएटर मालकाने खिशातलं पेन काढून पडद्याला टोचून पाहिलं. हरेश्वरने त्याचं मनगट धरलं आणि न बोलता असं पिरगळलं की तो सफारीतला माणूस गुडघ्यावर आला. मी धावत गेलो, माफी मागितली, पाणी आणलं. हरेश्वर शांतपणे म्हणाला, "तुमच्या गाडीला मी चावीनं ओरखडा काढू का?" तो माणूस मनगट चोळत थोडा वेळ बसला, आणि जाताना पडद्याची ऑर्डर देऊन गेला. म्हणाला, ज्याला एवढी काळजी आहे त्याच्याकडूनच घेतो. त्या दिवसापासून हरेश्वर प्रदर्शनांत आमच्याबरोबर असायचाच. एकदा एका परदेशी स्टॉलवर पाच पुरुष उंचीचा शार्क जबडा उघडून प्रेक्षकांवर झेपावत होता, बायका किंचाळत होत्या. हा हाताची घडी घालून बघत राहिला आणि म्हणाला, "एवढी मोठी मुशी, आनि वास नाय."

वामनला त्यानेच कामाला आणलं. भावापेक्षा आठ वर्षांनी लहान, पण लग्न झालेला, संसारी माणूस, बोलायला मऊ. हरेश्वरने त्याला एकच नियम शिकवला होता आणि तो चुकला की पाठीत बुक्की बसायची. पडदा मधून बांधायचा. वर दोन रिंगा, मग खाली दोन, डावीकडे दोन, उजवीकडे दोन, पुन्हा वर. चारही बाजूंचा ताण सारखा वाढत गेला पाहिजे. एकच बाजू पुरी ओढली तर चौकट पिळली जाते, आणि पिळलेली चौकट कधी सुटेल ते सांगता येत नाही. थिएटरमध्ये चौकट भिंतीत पक्की असते, तिथे एखादवेळ निभावतं. प्रदर्शनात ती नुसत्या टेकूंवर उभी असते. हरेश्वर म्हणायचा, ताणलेला दोर म्हणजे मारायला उचललेला हात. तो खाली कुठे येईल ते आधी बघायचं, मग बांधायचं.

नऊ वर्षांपूर्वी मुंबईत मोठी परिषद होती. आमचा सगळ्यात मोठा वक्र पडदा आम्ही तिथे उभा करणार होतो. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं, पण एका मोठ्या थिएटर साखळीचे लोक फोटोग्राफर घेऊन आदल्या दुपारी तीनलाच येतो म्हणाले. मी हो म्हणून बसलो. दोनला पडदा चौकटीवर लटकत होता, सुरकुतलेला, धुवून वाळत घातलेल्या चादरीसारखा. हरेश्वरने साफ सांगितलं होतं की चौकटीला छतावरून तारा घातल्याशिवाय ताण देणार नाही, आणि तारांची परवानगी मिळवायला तो हॉलच्या ऑफिसात भांडायला गेला होता. वामन परातीवर उभा होता. परात म्हणजे आमच्या भाषेत चाकांची उंच फळी. पाहुणे ज्या वाटेने येणार होते तिथून पडद्याची फक्त डावी बाजू दिसत होती. मी वामनला म्हणालो, "डावी बाजू तेवढी ओढून घे. फोटोपुरती."

तो म्हणाला, दादा आल्यावर करू.

"दादाला मी सांगतो. तू ओढ."

त्याने ओढली. डावी बाजू आरशासारखी झाली. पाहुणे आले, फोटो निघाले, मी त्यांना पडद्याची चमक समजावत होतो. तेवढ्यात हरेश्वर परत आला. लांबूनच त्याने चौकट पाहिली. तो ओरडला नाही. सरळ वामनपाशी गेला, खाली उतर म्हणाला, आणि तो खाली उतरताच त्याच्या कानाखाली अशी मारली की आवाजाने पाहुणे वळले. त्याने विचारलंच नाही की हे कोणी सांगितलं. नियम त्याने स्वतः घोटून घेतला होता, त्यामुळे विचारायचं काही उरलंच नव्हतं. वामनने गालावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या दोन्ही बाजूंना पाहुणे होते. मी त्यांच्याकडे वळलो आणि म्हणालो, "आमच्याकडे शिस्त कडक आहे." ते हसले. मीही हसलो.

दोर सैल करायला वामन पुन्हा वर चढला. अपमानाने त्याचे हात भराभर चालत होते. हरेश्वर खालचा कोपरा धरून हळू, हळू म्हणत होता... मग बोल्ट तुटल्याचा आवाज आला, फटाक्यासारखा. उभा पाइप कमानीतून बाण सुटावा तसा सुटला आणि वामनच्या छातीवर बसला. परातीसकट तो मागे कोसळला. स्प्रिंगांचे हूक उडाले, एक माझ्या डोक्यावरून गेला आणि मागच्या स्टॉलची काच फुटली. पडदा वरपासून खालपर्यंत फाटत आला. चौकट खाली आली ती हरेश्वरच्या उजव्या हातावर. त्याची तीन बोटं तिथेच चिरडली. तो तरी त्या हाताने पाइप ढकलत भावाकडे सरकत होता, आणि त्या चंदेरी पडद्यावर, ज्याला कोणी बोट लावलं तर तो मनगट पिरगळायचा, त्याच्या हाताचे लाल पट्टे उमटत होते. वामनच्या तोंडातून रक्त येत होतं. काही बोलायच्या आत तो गेला. शेजारच्या स्टॉलवरचा सिनेमा कोणी बंद केला नव्हता, तिथे हिमालयात बर्फ कोसळत होता आणि तो गडगडाट चालूच होता.

चौकशी झाली. पोलिसांना आणि कारखान्याला मी लिहून दिलं, 'फिटरने ठरलेली पद्धत सोडून एक बाजू आधी ताणली.' या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मी ते बऱ्याच वेळा तपासून पाहिलं होतं. हरेश्वरला ते वाचून दाखवलं तेव्हा त्याच्या हाताला बँडेज होतं. त्याने मान हलवली. त्याला तेच वाटत होतं. वामनने घाई केली, आणि मरताना त्याच्या गालावर आपली पाच बोटं होती.

तो कामावर परत आला नाही. मी मात्र दरवर्षी परिषदेला जात राहिलो. तीन वर्षांनी तिथल्या एका चर्चासत्रात मला 'पडदा उभारणीतली सुरक्षितता' या विषयावर बोलायला बोलावलं. मी हरेश्वरचा नियम सांगितला, वर दोन, खाली दोन. लोकांनी वह्यांत लिहून घेतलं, टाळ्या वाजवल्या. त्याच महिन्यात कळंबच्या ताडीच्या दुकानात कोणीतरी म्हणालं की वामन स्वतःच्या धांदलीने मेला. हरेश्वरने डाव्या हाताने त्या माणसाचं डोकं बाकावर आपटलं, त्याचे पुढचे दात पडले. पोलीस चौकीतून त्याला सोडवायला मीच गेलो. इन्स्पेक्टरपुढे मी त्याच्यासाठी हात जोडले. बाहेर आल्यावर त्याने माझ्या खांद्यावर तो दोन बोटांचा हात ठेवला आणि म्हणाला, "तूच आहेस रे, सुध्या." कितीतरी वर्षांनी त्याने मला सुध्या म्हटलं होतं. असं आणखी दोनदा झालं. प्रत्येक वेळी भांडण तेच, वामनची चूक कोणी काढली की हा तुटून पडायचा. आणि त्याला स्वतःलाही मनातून तेच वाटत होतं. समोरच्याला मारताना तो नेमका कोणाला मारत होता, हे मला एकट्याला माहीत होतं.

शेवटचा भेटलो तो जाण्याच्या दोन महिने आधी. ओटीवर बसला होता, खूप वाळला होता. रंजनाताईंनी चहा ठेवला आणि आत गेल्या.  मग तो म्हणाला, "एक गोष्ट मला कलत नाय. वामननं जन्मात कधी एक बाजू ओढली नव्हती. मंग त्याच दिवशी का?"

तो माझ्याकडे बघत नव्हता, समुद्राकडे बघत होता. नऊ वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होतो. तोंडात उत्तर तयार होतं, चार शब्दांचं, 'मी सांगितलं होतं त्याला.' आणि मी म्हणालो, "होतं कधी कधी माणसाकडून."

"हां," तो म्हणाला. "माझ्याकडून पन झालं."

मला वाटतं त्या वेळी त्याने मला ठार मारलं असतं तरी चाललं असतं. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला त्याचीच भीती वाटली होती. नोकरी जाण्याची भीती केव्हाच संपली होती. त्याच्या हाताची भीती मात्र संपली नव्हती.

तेरावं झाल्यावर मी कळंबला गेलो आणि रंजनाताईंना सगळं सांगितलं. त्या मासे साफ करत होत्या. मी बोलत असताना त्यांनी कोयता खाली ठेवला नाही, हात थांबवला नाही. माझं बोलून झाल्यावर एक मासा संपवला, दुसरा घेतला. मग म्हणाल्या, "मला एकटीला सांगून काय करू? नऊ वर्षं गावात माझा नवरा धांदरट म्हनून आहे. सगल्यांना सांगा. नावानिशी." म्हणून हा लेख. माझं नाव खाली आहे. आदेश माझा होता. वामनने तो टाळायचा प्रयत्न केला, आणि हरेश्वर तिथे नव्हता.

निघताना त्या मला हरेश्वरच्या खोलीत घेऊन गेल्या. लोखंडी खाट, खुंटीवर शर्ट. खाटेच्या डोक्याशी भिंतीचा गिलावा एका जागी पार फुटलेला होता, आतली वीट दिसत होती, आणि त्या विटेलाही खोलगट खड्डा पडला होता. खांद्याच्या उंचीवर. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. वामनच्या तिथीला आणि मधेच कधीही तो भिंतीवर बुक्क्या मारायचा, रक्त येईपर्यंत. ज्या हाताने भावाला मारलं त्याच हाताने, उरलेली दोन बोटं मुडपून. एकदा त्यांनी गवंडी बोलावला होता, तर हरेश्वरने त्याला हाकलून दिलं.

मी त्या खड्ड्यापाशी उभा राहिलो. कडेला जुने, काळे पडलेले डाग होते. रंजनाताई दारात होत्या.

"ह्या सगल्या तुमच्या होत्या," त्या म्हणाल्या. "भिंतीनं खाल्ल्या."

— सुधीर