आखाडा बाळापुरात बुडालेली बोट

“तुझं गाव हिंगोली जिल्ह्यात आहे ना?” नायर साहेबांनी फोनवर विचारलं.

“हो सर. आत्ता गावीच आहे. सुट्टीवर.”

“माहीत आहे. आखाडा बाळापूर तुझ्यापासून किती लांब?”

मी शिरड शहापूरला आमच्या घरी होते. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यांच्या डोळ्यात ड्रॉप टाकून मी नुकतीच उठले होते. नायर साहेब सुट्टीत कधी फोन करत नाहीत. त्यामुळे काहीतरी मोठं आहे हे मी ओळखलं.

“गाडीवर गेलं तर तासाभरात पोचेन. काय झालंय?”

“तिथे एक बोट बुडतेय,” ते म्हणाले. “निदान आपला स्क्रीन तसं म्हणतोय.”

साहेब मूळचे केरळचे. आमचं बोलणं हिंदी-इंग्रजीत चालतं. इथे सगळं मराठीत देते आहे.

आधी माझं काम काय ते सांगते. बोटीवर आणि विमानात एक छोटं यंत्र बसवलेलं असतं. त्याला बीकन म्हणतात. बोटीवरचं बीकन साधारण पाण्याच्या बाटलीएवढं, भडक नारिंगी किंवा पिवळं, वर अँटेना असलेलं असतं. बोट बुडाली की ते आपल्या खोबणीतून सुटतं, पाण्यावर तरंगतं आणि पाणी लागताच आपोआप सुरू होतं. मग ते आकाशाकडे सिग्नल पाठवत राहतं. उपग्रह तो पकडून आमच्या बेंगळुरूच्या केंद्राकडे देतात. त्या सिग्नलमध्ये फक्त एक कोड असतो. तो कोड कुठल्या बोटीचा, मालक कोण, फोन कुठे करायचा, हे सांगणं माझ्या सेक्शनचं काम. आम्ही बीकनचं रजिस्ट्रेशन करतो. लग्नाच्या नोंदणीसारखंच काम, लोक तितकंच कंटाळून करतात.

त्या सकाळी आलेला कोड कोकणातल्या एका मासेमारी ट्रॉलरच्या नावावर होता. जागा मात्र आखाडा बाळापूरजवळची दिसत होती. जुन्या बीकनमध्ये जीपीएस नसतं. उपग्रह सिग्नलवरून जागेचा अंदाज बांधतात आणि तो काही किलोमीटर इकडेतिकडे होतो. पण समुद्रातून थेट कळमनुरी तालुक्यात? सहसा नाही. मात्र ‘सहसा’ एवढ्या एका शब्दावर माणसांचे जीव सोडून देता येत नाहीत.

“मालकाला फोन लागला?” मी विचारलं.

“लागला. तीच तर भानगड आहे. बोट समुद्रात आहे. सात माणसं. सकाळपासून वायरलेसवर उत्तर देत नाहीत. बीकन बोटीवर आहे का विचारलं. म्हणाला, आहे, केबिनच्या वर लावलंय.”

मी पायात चपला सरकवल्या.

“कोस्ट गार्डवाल्यांनी जहाज वळवलंय,” साहेब म्हणाले. “तिकडे खलाशांच्या घरचे लोक बंदरावर जमलेत. जागा चुकली असेल तर तिथे प्रत्येक मिनिट महत्त्वाचं आहे. आणि जागा बरोबर असेल, तर ते बीकन तुझ्या जिल्ह्यात काय करतंय ते मला कळायला हवं. पोलिसांना कळवलंय. पण काय शोधायचं हेच त्यांना कळत नाहीये.”

माझा धाकटा भाऊ मिलिंद अंगणात मोटारसायकल पुसत होता. मी त्याला म्हटलं, “बाळापूरला चल. लगेच.”

“काहून?”

“बोट शोधायची.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, फडकं खाली ठेवलं आणि काही न विचारता गाडी काढली. वडिलांकडे आई होतीच.

बाळापुरात पोचलो तर चौकात गर्दी होती. पोलिसांची गाडी उभी होती. रसवंतीवाल्याने मिलिंदला सांगितलं, “इमान पडलंय म्हणे. नदीकडं. लोकं बघाया गेलेत.” मी पोलिसांना माझं ओळखपत्र दाखवलं. हवालदार बिचारे खरंच घामाघूम झाले होते. त्यांना वरून ‘डिस्ट्रेस सिग्नल’ एवढंच कळलं होतं. त्याचं चौकात विमान झालं होतं.

“मॅडम, किती लोक असतील अंदाजे?” त्यांनी हळूच विचारलं. “ॲम्ब्युलन्स बोलवून ठेवली.”

“विमान नाही हो,” मी म्हटलं. “एक नारिंगी डबा शोधायचाय. आणि तो लवकर सापडला पाहिजे.”

सिग्नल पकडायचं यंत्र माझ्याजवळ नव्हतं. गावाभोवतीची सगळी रानं धुंडाळणं शक्य नव्हतं. मी विचार केला की समुद्रावरची वस्तू इथे येईल तर कुठल्या वाटेने येईल? कुणी हौसेने आणणार नाही. ती भंगारातून येईल. मिलिंद म्हणाला, “मग युसूफभाई.”

युसूफभाईंचं भंगाराचं दुकान रस्त्यालगत होतं. बाहेर पत्रे, ड्रम, ठिबकच्या जुन्या नळ्यांचे ढीग. आणि भिंतीला टेकवलेली मनगटाएवढ्या जाड निळ्या दोरांची वेटोळी. ते दोर पाहिले आणि मी तिथेच थांबले. तसे दोर शेतीसाठी कुणी बनवत नाही. ते जहाजाचे असतात.

मी फोनवर बीकनचा फोटो दाखवला. युसूफभाईंनी चष्मा वर केला.

“हां, हे आल्तं. दोराच्या बंडलात गुतून आल्तं. समुद्राकडून माल येतो ना आपल्याकडं, जाळी, दोर, फायबर. शेतकरी बैलाला, मोटारीला नेतात.”

“कुठे आहे ते आता?”

“गंगाधररावनं दोर नेला, तवा तेबी देऊन टाकलं. तरंगणारी चीज हाय म्हणलं, शेततळ्याला काम येईल.” मग त्यांचा चेहरा बदलला. “काही तकलीफ हाय का ताई? बाँब-बिंब?”

“नाही, नाही. शेत कुठे त्यांचं?”

ते दुकान तसंच टाकून आमच्या पुढे स्कूटरवर निघाले. पोलिसांची गाडी मागून आली.

शेत गावापासून फार लांब नव्हतं. कच्च्या रस्त्याने गेलो. हळदीच्या रानापलीकडे मातीचा उंच बांध आणि त्यावर तारेचं कुंपण दिसलं. शेततळं. मराठवाड्यात आता पाऊलभर गेलं की एक शेततळं आहे. खड्ड्यात जाड प्लास्टिकचा कागद अंथरतात आणि पाणी साठवतात. पाण्याची मोठी सोय झाली. पण तो कागद शेवाळाने बुळबुळीत होतो. पाय घसरून आत गेलेला माणूस काठ हातभर अंतरावर असूनही वर येऊ शकत नाही. पोहता येणारेसुद्धा येत नाहीत. पकडायला काही नसतं.

मी बांधावर चढले. पाण्याच्या मधोमध नारिंगी डबा तरंगत होता. अँटेना वर. माथ्यावरचा दिवा उन्हातसुद्धा लुकलुकत होता. त्याच्या गळ्यात निळा दोर होता आणि दोराचं दुसरं टोक मोटारीच्या खोलीच्या लोखंडी खांबाला पक्कं बांधलेलं होतं.

मिलिंदने दोर ओढून तो काठावर घेतला. मी त्याच्या अंगावरचं लेबल पुसलं आणि कोड एकेक अक्षर करून फोनवर वाचला. पलीकडे नायर साहेब स्क्रीनवर जुळवत होते.

“तोच आहे,” ते म्हणाले.

मी ओढणीने बीकन कोरडं केलं. पाणी लागण्याचे दोन खिळ्यांसारखे संपर्क असतात, ते खास पुसले. थोड्या वेळाने दिवा थांबला. साहेबांनी सांगितलं, सिग्नल बंद झाला. हवालदारांनी टोपी काढून कपाळ पुसलं. युसूफभाई “अल्ला का शुक्र” म्हणाले. मलाही हसू येणार होतं.

तेवढ्यात साहेब म्हणाले, “म्हणजे आता बोटीबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही.”

माझं हसू तिथेच राहिलं. खरंच होतं. सिग्नल बोटीचा नव्हता एवढंच सिद्ध झालं होतं. बोट सुखरूप आहे असं कुठे सिद्ध झालं होतं? ती अजून गप्पच होती.

“मालकाला पुन्हा विचारा,” मी म्हटलं. “केबिनवर बीकन आहे म्हणाला ना? मग ते कुठलं?”

त्यांनी विचारलं. उत्तर सरळ होतं. जुन्या बीकनच्या बॅटरीची मुदत संपली होती. मालकाने नवं बीकन विकत घेऊन लावलं. जुनं फाटक्या जाळ्यांबरोबर भंगारवाल्याला दिलं. बॅटरी काढली नाही. आम्हाला कळवलं नाही. नव्याचं रजिस्ट्रेशनही केलं नाही. ‘बोट तीच, मालक तोच, मग पुन्हा कशाला?’ असं त्याला वाटलं. मुदत संपलेली बॅटरी मेलेली नसते. कारण ती मुदत भरपूर ताकद शिल्लक राखून ठरवलेली असते. आणि नवं बीकन कुणाच्याच नावावर नसल्यामुळे त्या सात माणसांनी त्या दिवशी खरोखर हाक दिली असती, तर जागेचा अंदाज आला असता, पण कुणाच्या बोटीला काय झालंय, किती माणसं आहेत, घरी कुणाला विचारायचं, हे आम्हाला शोधत बसावं लागलं असतं.

बोट शोधायला जहाज पुढे जाऊ द्यायचं असं साहेबांनी कळवलं. आमच्या हातात आता काही नव्हतं. मी बांधावरच बसले.

तेवढ्यात शेताकडून एक म्हातारी झपाझप चालत आली. नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला, दोन्ही तळहातांना हळद लावलेली. पोलिसांना पाहून ती थबकली नाही.

“काय झालं व्हय? काहून जमले इतके लोक? सून तर बरी हाय माजी.”

आम्ही सगळे तिच्याकडे पाहायला लागलो.

“सुनेला काय झालं होतं, आजी?” मी विचारलं.

ती कांताबाई. गंगाधररावांची आई. सकाळी तिची सून शारदा मोटारीचा पाइप बघायला तळ्यावर आली होती. पाइपात शेवाळ अडकलं होतं. ओढता ओढता पाय घसरला आणि ती आत गेली. गंगाधरराव बाजारात होते. कांताबाई पलीकडच्या पट्ट्यात हळद वेचत होती. तिला ओरडणं ऐकू आलं.

“मागच्या साली शेजारच्या तळ्यात एक बाई गेली न्हवं का,” ती म्हणाली. “तवापासून आमच्या पोरानं हा दोर बांधून ठेवला. टोकाला डब्बा लावला, फेकायला बरा म्हणून. मोटारीच्या खोलीत खुंटीला टांगला हुता. म्या धावत आले अन् दिला फेकून. दिसला तिला. नारंगी हाय न्हवं. धरला तिनं दोर. म्या खांबाला पाय लावून ओढलं.” तिने तळहात उघडून दाखवले. दोराने सोलून निघालेल्या हातांवर तिने हळद दाबली होती. “मंग तिला घेऊन दवाखान्यात गेलते. दोर काढायचा ऱ्हायला तिथंच. म्हून आले पोलीस? गुन्हा हाय का त्याचा?”

“नाही हो, आजी,” हवालदार म्हणाले.

बीकनमध्ये माणूस तरंगवायची ताकद नसते, हे मला माहीत आहे. शारदाला वाचवलं ते दोराने आणि कांताबाईच्या हातांनी. डब्याने दोर लांब नेला आणि पाण्यात दिसला, एवढंच. पण पाण्यात पडताक्षणी, कुणी सांगितलं नसताना, त्याने उपग्रहाला सांगितलं होतं की इथे जीव धोक्यात आहे. ते खोटं नव्हतं.

आम्ही घरी गेलो. शारदा बाजेवर गोधडी पांघरून बसली होती. ओठ अजून फिके होते. मी बीकन दाखवलं तेव्हा तिने त्याला नुसता हात लावून पाहिला. गंगाधरराव दारात उभे होते. ते घाबरून पुन्हा पुन्हा म्हणत होते, “मॅडम, आमाला म्हाईत न्हवतं. तुमी घेऊन जा.”

“डब्बा न्या,” कांताबाई आतून म्हणाली. “दोर ठिवा.”

दुपार कलली तेव्हा साहेबांचा फोन आला. बोट सापडली. वायरलेसचा सेट बिघडला होता. माणसं निवांत जाळी ओढत होती. समोर जहाज येऊन उभं राहिलेलं पाहून तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख खलाशी, चक्रावून गेला. सातही जण ठीक होते. साहेबांनी बंदरावर फोन लावला, तर पलीकडे बायकांचा रडण्याचा की हसण्याचा आवाज येत होता ते त्यांना कळलं नाही म्हणे.

मग उरला रिपोर्ट. प्रत्येक सिग्नलचा शेवट आम्हाला ठरलेल्या प्रकारांपैकी एकात टाकावा लागतो.

“फॉल्स अलार्म,” नायर साहेब म्हणाले. “बोट बुडाली नाही. बीकन भंगारातलं. दुसरं काय लिहिणार?”

“सर, बाई बुडत होती.”

“पण बीकन तिचं नव्हतं.”

“बुडत मात्र तीच होती.”

नियम त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत आहेत. शेवटी म्हणाले, “प्रकार तोच राहील. बदलता येणार नाही. शेऱ्यात मात्र घडलं ते सगळं लिही. नीट लिही.”

मी लिहिलं. शेऱ्याची जागा पुरली नाही, म्हणून वेगळं पान जोडलं.

सुट्टी संपवून परत जाताना मी बॅटरी काढलेलं बीकन सोबत नेलं. पुढच्या महिन्यात मिलिंदने नांदेडहून पोहण्याच्या तलावावर असते तशी मोठी गोल रिंग आणून गंगाधररावांना दिली. ती माणसाला खरंच तरंगवते. ट्रॉलरच्या मालकाने नव्या बीकनचं रजिस्ट्रेशन केलं. घरच्या संपर्कासाठी त्याने स्वतःचा नंबर दिला. मी दुसरा मागितला, तेव्हा तो कुरकुरला. मग तांडेलाच्या बायकोचा दिला. तो मला जास्त भरवशाचा वाटला.

एवढं झाल्यावर सांगण्यासारखं थोडकंच आहे. बीकन विकलं, बदललं, मोडीत काढलं, बोट दुसऱ्याला दिली, फोन नंबर बदलला, तर कळवा. टाकून द्यायचं असेल तर आधी बॅटरी काढा. आणि शेततळं असेल तर काठावर दोर बांधून ठेवा. त्याचं रजिस्ट्रेशन लागत नाही.