पोराला पुढाऱ्याचं नाव

लिहायला बसलो तेव्हा पोरानं एकच अट घातली. म्हणाला, "दादा, काय लिहायचं ते लिहा, पण माझं नाव घालू नका." आता ज्या नावावरनं सगळं झालं तेच घालायचं नाही म्हटल्यावर उरलं काय? पण कबूल केलं. मग मी म्हटलं, तुझं नाही तर कुणाचंच नाही. म्हणून यात कुणाचंच नाव नाही. माझंही नाही. माझं घालायला माझी हरकत नव्हती.

माझ्या पोराचं नाव एका मोठ्या कामगार पुढाऱ्याचं आहे. नुसतं पहिलंच नाही, आडनावही तेच. त्यांचं आणि आमचं आडनाव एकच, नातं काही नाही. आमच्या आडनावाची माणसं चाकणपासून जुन्नरपर्यंत कुठल्याही वाडीत निघतात. फरक फक्त मधल्या नावाचा. त्यांच्यात मधे त्यांच्या वडिलांचं, पोराच्यात मधे माझं. मधलं नाव कुणी घेत नाही, म्हणून फरक कुणाला दिसत नाही. मला दिसतो.

हे नाव मी का ठेवलं ते सांगतो. मी शाळेत चौथीपर्यंत गेलो. निकाल लागायच्या आधीच शाळा सोडली, त्यामुळे चौथी पास की नापास हे अजून ठरलेलं नाही. आमचं गाव चाकणजवळ. तेव्हा तिथं कांदा-बटाटा व्हायचा, आता त्या वावरात कंटेनर उभे असतात. मी पिंपरीला एका कंपनीत फाउंड्रीत लागलो आणि काळेवाडीत खोली केली. कंपनीत काही कारणावरनं वातावरण तापलं होतं. पहिली शिफ्ट सुटली की गेटवर सभा. त्या दिवशी पुढारी स्टुलावर उभं राहून बोलत होते. माईक नव्हता. बोलता बोलता त्यांचा घसा बसला आणि त्यांनी पाणी मागितलं.

सगळ्यात पुढं मी उभा होतो. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती. बाटली मूळची दारूची. आमच्या खात्यात सगळेच तसल्या बाटल्या धुऊन पाण्याला वापरायचे, काच चांगली जाड असते. पण लेबल पुरतं निघालं नव्हतं. मी बाटली वर केली तसे मागचे लोक खुसफुसायला लागले. पुढाऱ्यांनी लेबल बघितलं, माझ्याकडं बघितलं, बाटली तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली घेतली. मग म्हणाले, "पाणीच आहे, भावांनो. मी खात्री केली." सगळं गेट हसलं. मला नाव विचारलं. मी सांगितलं. "अरे, मग तर आपण घरचेच की!" असं म्हणून खांद्यावर हात ठेवला आणि पुढचं भाषण सुरू केलं.

त्यानंतर ती बाटली मी पाण्याला वापरली नाही. घरी फळीवर ठेवली. आमच्या मंडळींनी तिच्यात पुढं रॉकेल भरलं, तो वेगळा विषय आहे.

पोरगा झाला तेव्हा मी नाव ठरवूनच बसलो होतो. पण आमच्यात नाव ठेवायचा मान आत्याचा. माझी आक्का माझ्याहून मोठी, आळंदीला दिलेली. ती भटजीकडनं अक्षर काढून आली होती. मी तिला माझं नाव सांगितलं.

"माणसाचं नाव ठेवतोस व्हय?" आक्का म्हणाली. "देवाचं ठेव. देव बदलत न्हाई."

"हे बी बदलणार न्हाईत."

"आन् पोरगं त्यांच्यावाणी निघालं न्हाई तर?"

"निघंल."

बारशाला आक्कानं तोंड पाडलं, पण पाळण्यावर वाकली. कानाशी कुर्र केलं आणि कानात नाव सांगितलं. रिवाजाप्रमाणे बाकीच्या बायांनी तिच्या पाठीत बुक्के घातले. मग तिनं वर होऊन मी सांगितलेलं नाव मोठ्यानं घेतलं. मी पेढे वाटले. खात्यात वाटले तेव्हा एकानं विचारलं, "पुढाऱ्यांना कळवलंस का?" मी म्हटलं, "त्यांना कामं असतात."

पोरगं त्यांच्यासारखं निघालं नाही. हे मी मान्य करत नाही, पण लोक म्हणतात. शाळेत मास्तरांनी नाव वाचून त्याला पहिल्याच दिवशी मॉनिटर केलं. मॉनिटरनं गडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची असतात. यानं कुणाचं लिहिलं नाही आणि सगळ्या वर्गाचा मार एकट्यानं खाल्ला. रिक्षावाल्यानं वाटेल तिथं उतरवलं तरी हा त्याला थँक्यू म्हणतो. आवाज असा की शेजारी बसलेल्यालाही पुढं वाकून ऐकावं लागतं. पण हात चांगला. आयटीआय केलं आणि चाकणला गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. ठेकेदाराचा माणूस म्हणून. काही महिने काम, मग ब्रेक, मग परत तेच मशीन, तीच खुर्ची, नवीन गेटपास. गेटपासवर त्याचं नाव वाचून जुना वॉचमन दर वेळी सॅल्यूट मारायचा आणि हसायचा. पोरगा पण त्याला सॅल्यूट मारायचा. तो हसायचा नाही.

असं करत लग्न झालं, नात झाली, ती शाळेला गेली, तरी हा ठेकेदाराचाच. मग यंदा कंपनीत बोलवा उठली की जुन्या मुलांतले काही पर्मनंट करणार. यादी निघणार. आमच्या घरात दुसरा विषय राहिला नाही. पर्मनंट म्हणजे काय हे मी सांगायला नको. मी पर्मनंट होतो म्हणून आज काळेवाडीत दोन खोल्या आहेत आणि पोरगा त्यातल्या एका खोलीत राहतो.

तेवढ्यात त्याच्या सुपरवायझरनं त्याच्या डोक्यात किडा सोडला. सुपरवायझर आमच्याच भागातला, गप्पिष्ट माणूस. म्हणाला, "भावा, तुझं काम एक नंबर. पण वरच्या केबिनमधले लोक तुझं नाव वाचतात आणि दचकतात. युनियनवाल्याचं नाव कोण यादीत घालून घेईल राव? दर वेळी तुझा नंबर का हुकतो, काय वाटतं तुला?"

पोरगा घरी आला, हातपाय धुतले, चहा घेतला आणि माझ्यासमोर बसला.

"दादा, मी नाव बदलतोय."

"कुणाचं?"

"माझं."

"ते तुझं कुठंय? मी ठेवलंय."

"राजपत्रात देता येतं. वकिलाला विचारलंय."

"आन् काय ठेवणार?"

"काहीपण. साधं."

साधं! मी म्हटलं, "तो माणूस हजार माणसांसमोर माझ्या हातचं पाणी प्याला."

"दादा, पाणी तुम्ही पाजलं. घोट माझ्या घशात अडकलाय."

त्याच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. भाषणात शोभेल असं होतं. ते मी त्याला सांगितलं नाही. मी म्हटलं, "बदल. पण मग मधलं नाव बी काढ. माझं नाव साध्या माणसाच्या मागं नको."

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं बंद केलं. बोलायचं असलं तर हिच्यामार्फत. "त्याला म्हणावं, पंखा बंद कर." तो माझ्यासमोरच बसलेला असायचा. ही म्हणायची, "ऐकलं का रं?" तो उठून पंखा बंद करायचा. मग त्याची बायको म्हणायची, "उकडतंय," आणि पंखा लावायची. सुनेशी माझं बोलणं चालू होतं, त्यामुळे तिला काही म्हणता यायचं नाही.

शेवटी हिनं मला न विचारता आळंदीला फोन लावला. आक्का बसनं आली. आता गुडघ्यानं अधू झालीय, पण बसमध्ये कुणाकडनं तरी जागा मिळवतेच. आल्या आल्या जेवली. पान लावलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एवढा कालवा कशापायी? त्याचं ते नाव नव्हतंच कधी."

"म्हंजे?" मी म्हटलं.

"कानात म्या दुसरंच सांगितलं होतं. देवाचं. मोठ्यांदा तुझं घेतलं, तुझ्या समाधानाला."

मी उभा राहिलो. माझेही गुडघे दुखतात, ते लक्षात राहिलं नाही. "आक्का, तू भर बारशात मला फसवलंस?"

"फसवलं कुठं? कानात काय सांगायचं ते आत्याचं. तू पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला हुतास."

"काय सांगितलंस?"

"तुला कशाला सांगू? तुझं बारसं हाय का?"

सून हसली. ही पदर तोंडाला लावून आत गेली. मी आक्काला दम दिला, मग गोडीनं विचारलं, मग दम दिला. ती पान चावत बसली. तेवढ्यात पोरगा भिंतीशी बसला होता तो उठला, आक्काच्या पुढ्यात येऊन बसला. एवढा बाप झालेला माणूस, डोक्यावरचे केस मागं सरकलेले, त्यानं मान खाली घातली आणि कान पुढं केला.

"आत्या, मला तर सांग."

आक्का थांबली. पान एका गालात सारलं, तोंड पुसलं. त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, वाकली, कानाशी कुर्र केलं आणि काहीतरी सांगितलं. सुनेनं सवयीनं उठून आक्काच्या पाठीत एक बुक्का घातला. तो जरा जोरात बसला. आक्काला ठसका लागला, पाणी आणावं लागलं.

पोरगा खाली बघत बसला होता. मग त्यानं वर बघितलं. मी त्याला लहानपणी जत्रेत पिपाणी घेऊन दिली होती, तेव्हा तो असा बघत होता. म्हणाला, "बरं आहे." एवढंच. आणि पंखा लावला.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट करून तो वरच्या केबिनमध्ये स्वतः गेला. आजपर्यंत कधी गेला नव्हता. तिथं यादीचं काम बघणारी एक मॅडम होती. परराज्यातली, वयानं माझ्या धाकट्या पुतणीएवढी. यानं तिला सांगितलं की माझ्या नावाची कंपनीला अडचण असेल तर मी बदलायला तयार आहे, पण यादी तेवढी थांबवा. ही सगळी हकीकत त्यानं घरी येऊन हिला आणि सुनेला सांगितली. मी पेपर वाचत होतो.

"मॅडम म्हणाल्या, नावाला काय झालं? मी म्हटलं, ते युनियनच्या मोठ्या पुढाऱ्याचं आहे. त्या म्हणाल्या, कोण?"

"कोण म्हंजे?" हे मी विचारलं. बोलणं बंद आहे ते तोंडातनं गेल्यावर आठवलं.

"त्यांनी ऐकलंच नव्हतं, दादा. मला नाव दोनदा सांगायला लावलं. मग मोबाईलवर शोधलं. पहिला निघाला सांगवीतला दातांचा डॉक्टर. मग एक प्लॉट विकणारा. मग कुणीतरी फेट्यातला, लग्नात नाचणारा. पुढारी निघालेच नाहीत. त्यांनी शेजारच्या सरांना विचारलं. सर म्हणाले, दातांचा डॉक्टर चांगला आहे."

ही हसायला लागली. सून तर ओट्याला धरून हसली. पोरगा पण हसला. मी त्या दिवशी जेवलो नाही असं ही सगळ्यांना सांगते. मी जेवलो. भात घेतला नाही, एवढंच.

मॅडमनं त्याला सांगितलं की नाव अजिबात बदलू नकोस. आधार एक, पीएफ एक, बँक एक असं झालं तर उलट आत्ताच अडकशील. नंबर हुकत होता तो ठेकेदाराच्या ब्रेकमुळं, नावामुळं नाही. सुपरवायझरला यानं जाऊन विचारलं, तर तो म्हणाला, "मी आपला अंदाज सांगितला, राव."

यादी निघाली. त्यात पोराचं नाव होतं. नवीन गेटपास मिळाला तो त्यानं आणून माझ्या हातात दिला. मी चष्मा लावून वाचला. पहिलं नाव, मधे माझं पूर्ण, मग आडनाव. नुसतं एक अक्षर आणि टिंब नाही, पूर्ण. मी गेटपास परत दिला आणि म्हटलं, "मॅडमला सांगितलंस का, ते कोण होते?"

"सांगितलं ना."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, मोठा माणूस होता. आमच्या दादांच्या हातनं दारूच्या बाटलीत पाणी प्याला."

"धुतलेल्या," मी म्हटलं.

"धुतलेल्या. ते सांगायचं राहिलं."

उद्या परत जाऊन सांग, असं मी म्हणालो. तो गेला नाही, मला माहीत आहे. पर्मनंट झाल्यापासून त्याचा आवाज थोडा वाढलाय. परवा वॉचमननं सॅल्यूट मारल्यावर हा पण हसला, असं ऐकलं.

नाव राहिलं. मी म्हटलं होतं ते बदलणार नाही, ते बदललं नाही. आता एकच गोष्ट राहिलीय. आक्का कानात काय बोलली ते पोराला माहीत आहे आणि सुनेलाही माहीत असावं, कारण मी विषय काढला की दोघं एकमेकांकडं बघतात. आक्काला फोन केला तर ती बारशाचं आमंत्रण आहे का म्हणून विचारते. तेव्हा मी माझ्या पद्धतीनं चालू केलंय. सकाळी पोरगा दारात बसून सेफ्टी शूजच्या नाड्या बांधत असतो. त्याची पाठ माझ्याकडं असते. मी पेपरच्या आडनं एका देवाचं नाव घेऊन हळूच हाक मारतो. रोज एक. ज्या दिवशी बरोबर बसेल त्या दिवशी तो वळेल.

अजून वळलेला नाही. देव पुष्कळ आहेत.