वांड पोरीची आई

आमच्या पुणतांब्याला आपल्या पोराला चारचौघांत चांगलं म्हणायची रीत नव्हती. गोदावरीच्या घाटावर बायका धुणं घेऊन जमल्या की जिचं तिचं तोंड आपापल्या लेकराच्या नावानं सुटायचं. "कसली लेक न् कसलं काय, अवदसा हाय नुसती," माझी आई म्हणायची. शेजारची लगेच ओला हात हलवून म्हणायची, "असं नगा म्हनू वैनी, गुनाची हाय पोर." मग ती तिच्या पोराला नावं ठेवायची आणि आई त्याचं कौतुक करायची. स्वतःच्या लेकराला स्वतःच चांगलं म्हटलं तर दृष्ट लागते ना! चांगलं म्हणायचं ते ऐकणाऱ्यानं. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, पण चुकत कुणीच नव्हतं. मला तर 'अवदसे' हे माझं लाडाचं नाव वाटायचं. सबंध दिवसात आईनं एकदाही तशी हाक मारली नाही, तर तिचं काहीतरी बिनसलंय हे मी ओळखायची.

लढाईची वर्षं होती. वडील नगरच्या लष्करी छावणीत भटारखान्यात कामाला गेले होते. दिवाळीला येतो म्हणाले आणि आले नाहीत. पुढच्या दिवाळीलाही नाहीत. गाडीची वेळ झाली की आई हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची. ते मला बघवेना. मी दहा-अकराची असेन. एका सकाळी पाण्याला म्हणून निघाले, घागर स्टेशनाजवळच्या लिंबाखाली ठेवली आणि नगरच्या गाडीत चढले. वडिलांना हाताला धरून घरी आणायचं, एवढंच डोक्यात. अक्कल म्हणाल तर तेवढीच होती.

नगरात छावणी कुठं म्हणून विचारलं तर जो तो वेगळीकडे हात दाखवायचा. दुपारपर्यंत पायांचे तुकडे पडले. शेवटी बाजारात एका पोलिसानं धरलं. मारलं वगैरे नाही, उलट ओंजळभर शेंगदाणे दिले बिचाऱ्यानं. "घरी सांगून आलीस का?" त्यानं विचारलं. मी खरं ते सांगितलं, नाही म्हणून. झालं! चोरी नाही, मारामारी नाही, घरी न सांगता निघाले हाच माझा गुन्हा. त्यानं छावणीत चौकशी केली, तर वडिलांना आधीच कुठल्यातरी लांबच्या छावणीत हलवलेलं. मग मला मुलांच्या सुधारगृहात नेऊन सोडलं आणि गावी आईला निरोप गेला.

सुधारगृह म्हणजे एक लांबलचक कौलारू इमारत. मुलींची खोली टोकाला. पहिल्याच दिवशी केस बारीक कापले, डोक्याला रॉकेल चोळलं आणि जाडाभरडा झगा दिला. जेवण पोटभर होतं. आमच्यावर देखरेख करणाऱ्या बाई कधी आवाज चढवायच्या नाहीत. "मुली, ताट घे. मुली, रांगेत बस." मला कुणी ओरडतच नव्हतं हो! तुम्हाला हसू येईल, पण त्या मुली-मुलीनं माझा जीव नुसता गुदमरायचा. मी भिंतीला टेकून बसायची आणि स्वतःलाच हळूच म्हणायची, "अवदसे, ऊठ." पण आपल्याच तोंडून त्याला काही चव नसते.

मग सुनावणीचा दिवस आला. टेबलामागे साहेब, शेजारी एक चष्मेवाल्या बाई, कोपऱ्यात कारकून. आई गाडीनं आलेली. ठेवणीतलं लुगडं, डोक्यावरून पदर. मला बघितल्यावर तिचे डोळे माझ्या कापलेल्या केसांवरच खिळले. साहेबांचा आवाज चांगला मऊ होता. ते म्हणाले, "बाई, खरं सांगा. मुलगी तुमचं ऐकते का?"

आता आई काय म्हणणार हे मला पाठच होतं. ती तिचं अर्धं म्हणेल, साहेब त्यांचं अर्धं म्हणतील आणि आम्ही गाडीत बसू. मला हसूच आलं आनंदानं.

"कसली ऐकतीया सायेब," आई म्हणाली. "लई वांड हाय. माझ्या तर हाताभाईर गेली."

साहेबांनी मान डोलावली आणि लिहायला लागले. आई वाट बघत उभी. समोरून काहीच येईना, तेव्हा बिचारीला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नसावं. म्हणून तिनं आणखी मोठ्यानं सांगितलं, "अवदसा हाय बगा नुसती!"

"आईच कबूल करते आहे," साहेब चष्मेवाल्या बाईंना म्हणाले. त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आणि ही हसते आहे पाहा."

मुलगी मोठी होईपर्यंत इथंच राहील, हे कारकुनानं समजावून सांगितलं तेव्हा आईच्या डोक्यात उजेड पडला. ती टेबलाला दोन्ही हातांनी धरून ओरडायला लागली, "अवो न्हाई! गुनाची हाय माझी लेक! समदं काम करती, माझ्या शब्दाभाईर न्हाई!" जन्मात पहिल्यांदा तिनं मला चांगलं म्हटलं, तेही परक्यांसमोर, दृष्टीची पर्वा न करता.

"बाई, आता न्यायचं म्हणून गोड बोलू नका," साहेब समजुतीनं म्हणाले. "हे तिच्या भल्यासाठीच आहे."

ती माणसं दुष्ट नव्हती, हीच तर पंचाईत. तुरुंगात पोरं टाकण्यापेक्षा हे बरं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मला अक्षरं तिथंच आली, हे नाकारून कसं चालेल? पण मला अजून राग येतो. आता म्हणे कायदे बदललेत, घरातून निघून गेलं म्हणून लेकराला कोंडत नाहीत, आधी आईबापाला विचारतात. विचारतात ठीक आहे हो. आईला विचारलं तेव्हाही होतंच की!

वडील लढाईनंतर परत आले, खेटे घातले, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही. आई जमेल तेव्हा भेटायला यायची. देखरेखीच्या बाईंसमोर आम्ही बाकावर बसायचो. मी एव्हाना 'हाय'चं 'आहे' म्हणायला शिकले होते. ते ऐकून ती माझ्याकडे पाहुण्याकडे बघावं तशी बघायची. जाताना बाईंना, फाटकावरच्या शिपायाला, दिसेल त्याला हात जोडून सांगायची, "गुनाची हाय माझी लेक." ती गेल्यावर मी झोपायच्या चटईवर तोंड खाली घालून पडायची. तेवढा एकटेपणा मला पुढं कधी सोसावा लागला नाही.

सुटले तेव्हा मी आईच्या डोक्याला लागले होते. परतीच्या गाडीत तिकीट बघणारा आला, तर आई ताडकन उठून त्याला म्हणाली, "गुनाची हाय बरं का माझी लेक." तो बावचळून पुढं गेला. घाटावर तेच. बायका आपापल्या पोरांना नावं ठेवायच्या आणि आई मात्र माझे गुण सांगत सुटायची. बायका मान खाली घालून धुणं आपटत राहायच्या. हळूहळू त्या आमच्यापासून सरकून बसायला लागल्या.

घरातही ती माझ्याशी जपून बोलायची. मला ते सहन होईना. एकदा भरलेली घागर मी मुद्दाम आपटली. मातीची, खापऱ्या घरभर. पूर्वी अशा वेळी आईनं अख्खी आळी गोळा केली असती. तिचा हात उठला खरा, पण नजर उघड्या दाराकडे गेली आणि हात खाली आला. "ऱ्हाऊ दे," ती मोठ्यानं म्हणाली. "गुनाची हाय माझी लेक."

मी त्या पाण्यातच बसकण मारली. "आय, मला शिव्या दे ना गं," म्हणून हमसून हमसून रडले.

ती उठली. दाराबाहेर दोन्हीकडे बघून आली, दार लावलं, कडी घातली. मग माझ्याजवळ चिखलात बसून माझ्या कानाशी तोंड आणलं आणि अगदी हळू म्हणाली, "अवदसे."

मरेपर्यंत तिनं मला तशी हाक मारली. पण दार उघडं असताना कधीच नाही.