पाण्याचा अंदाज

महाराष्ट्र राज्य व्हायला अजून वर्ष-दोन वर्षं होती. मी मुंबईत कॉलेजात विज्ञान शिकत होतो. अलिबागकडच्या आमच्या कोळीवाड्यातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तोही हुतुतूच्या जोरावर. खेळतोस तोवर फी माफ, नापास झालास की माफी बंद, असं प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं. पहाटे मैदान, दिवसभर वर्ग, संध्याकाळी पुन्हा मैदान. जर्नलच्या पानांत माती सापडायची. पदार्थविज्ञानाचे सर म्हणायचे, "बाबा रे, पदवी डोक्याला देतात, गुडघ्यांना नाही." खेळाचे सर नेमकं उलटं बोलायचे. मी दोघांनाही हो म्हणायचो.

खरा खेळाडू मी नव्हतोच. खरा माझा दादा. त्याची चढाई बघायला अलिबागहून माणसं यायची. पण वडील गेल्यावर चौथीतून त्याची शाळा सुटली आणि तो होडीवर गेला. त्या शिमग्यात आमच्या वाडीची स्पर्धा होती आणि अंतिम सामना बघायला मुंबईच्या एका गिरणीचे लोक येणार होते. संघात घेतलं की गिरणीत कायमची नोकरी. दादा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. पुढच्या वर्षी त्याला कोण विचारणार होतं?

आदल्या दिवशीचा उपांत्य सामना खेळायला मी मुंबईहून आलो होतो. आम्ही जिंकलो आणि माझा गुडघा सुजला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मुंबईत माझी प्रात्यक्षिक परीक्षा, आणि चारला इथं अंतिम सामना. तो मी खेळणार नव्हतोच.

दादा म्हणाला, "सकाळी सहाची मुंबईची लाँच धर रेवसहून."

"नको, साडेदहाची धरतो. तेवढाच गुडघ्याला आराम, दोन तास वाचनही होईल."

"पानी असंल का तवा?"

मी कागद घेतला. तिथीला तिनानं गुणायचं, चारानं भागायचं, की भरतीची वेळ निघते, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही येतं. दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. तीनला भरती, म्हणजे नऊला ओहोटी. साडेदहाला पाणी चढतं असणार. दादानं डोकं खाजवलं. "रेवसचं येगलं हाय," एवढंच म्हणाला. मी हसलो. म्हटलं, "दादा, मी विज्ञान शिकतोय." काय मस्ती होती अंगात!

हिशेब बरोबर होता, पण तो आमच्या उघड्या किनाऱ्याचा. रेवस खाडीच्या तोंडावर. तिथला चिखल ओहोटीनंतर कितीतरी वेळ उघडा पडतो. माझी पिशवी घेऊन दादा सोबत आला होता. साडेदहाला आम्ही धक्क्यावर उभे, समोर नुसता चिखल, आणि लाँच पार लांब पाण्यात. बाराच्या आधी लागणार नाही, असं तिकीटवाल्यानं सांगितलं. बाराला निघून दोनच्या आत कॉलेज गाठणं शक्यच नव्हतं. वर्ष गेलं, फीची माफी गेली, सगळंच गेलं.

रेवसला आमचा मावसा होता, त्याच्याकडून दादानं शिडाची होडी मागून घेतली. गुडघाभर चिखलातून मला अक्षरशः पाठीवर घेऊन तो होडीपर्यंत गेला. वारा मागून होता. शीड भरलं, तेव्हा कुठं मला सुचलं.

"दादा, चारला सामना."

"व्हय."

"परत कसा पोचशील? दुपारी वारा तोंडावर येईल."

"पोरं खेळतील. तू वाच तुझं."

मी वाचलं. लाज वाटते सांगायला, पण खरंच वाचलं. पाऊण वाजता भाऊच्या धक्क्याला लागलो आणि मी मागं न बघता ट्रामकडं लंगडत धावलो. परीक्षा चांगली गेली.

साडेपाचला धक्क्यावर परतलो तर दादा होडीतच बसलेला.

"जमलं?" त्यानं विचारलं.

"जमलं."

"झ्याक," म्हणाला, आणि दोर सोडायला लागला. माझं चुकलं, दादा, एवढे तीनच शब्द बोलायचे होते. त्याऐवजी मी दोराचं टोक होडीत टाकलं आणि धक्क्यावरच उभा राहिलो.

आमची वाडी हरली, तरी गिरणीवाल्यांनी दोघांना घेतलं. दोघंही दादानंच शिकवलेले. मी नंतर प्राध्यापक झालो. दादा शेवटपर्यंत होडीवरच राहिला.

पुढच्या सुट्टीत घरी गेलो तर वाडीतली म्हातारी माणसं दादाला चिडवत होती. "काय रं, कोल्याचा पोर तू, आन् पानी वलखता येत न्हाय? भावाची परीक्षा बुडवत होतास की!" दादा जाळं विणत खाली मान घालून हसत होता. आईनं सांगितलं की त्या रात्री घरी येऊन तो स्वतःच सगळ्यांना म्हणाला, अंदाज माझा चुकला, धाकट्याला मीच उशिरा नेलं. आमच्यात ज्याला पाणी कळत नाही त्याच्यावर कोणी होडी सोपवत नाही. त्यानंतर दोन हंगाम कुणीही त्याला नाखवा म्हणून घेतलं नाही, तो दुसऱ्यांच्या हाताखाली वल्ही मारत राहिला.

मी तिथंच उंबऱ्यावर उभा होतो. सगळे हसत होते, आणि मीसुद्धा हसलो.