फौजदाराला सुई की गोळी

दोंडाईच्यात द्रौपदाबाईंना अजून सगळे सिस्टरच म्हणत. साक्रीकडच्या डोंगरातल्या उपकेंद्रांवर त्यांनी चौतीस वर्षं सुया टोचल्या, आणि त्या काळात माणसांविषयी त्यांचं मत काही चांगलं झालं नाही. सुई बघून घाबरणाऱ्यांची तर त्यांना किळसच यायची. लेकराच्या आधी आईच रडायला लागली की त्या म्हणायच्या, "बाई, बाहेर जाऊन रड. लेकरू तुझ्यापेक्षा शहाणं आहे."

माणसं नकोशी झाल्यामुळे निवृत्तीनंतर त्यांनी मांजर पाळलं. सात किलोंचा पिवळा बोका. नाव फौजदार.

उन्हाळ्याच्या तोंडावर फौजदार बादलीत तोंड घालून पाणी पिऊ लागला. खायचा दुप्पट, तरी पाठीचं हाड हाताला लागायला लागलं. मोरीत तो मुतला की तासाभरात तिथे मुंग्या. पुढे तर मागचे पाय तो टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालू लागला. मुंग्या बघून द्रौपदाबाईंना कळायचं ते कळलंच.

शेजारचे भटूनाना ओट्यावरून हसले. "मांजरले कोठे साखर व्हस का ओ, अक्का?"

नानांना स्वतःला बारा वर्षांपासून मधुमेह होता. डॉक्टर इन्सुलिन घ्या म्हणून थकले, पण नाना गोळ्यांवरच अडून बसलेले. एकदा सुई लागली की जन्माची लागते, हे त्यांचं ज्ञान. आणि जेवणानंतर दोन पेढे. असल्या माणसाशी द्रौपदाबाई बोलत नसत, फक्त त्याच्याकडे बघत. त्या बघण्यात सगळं यायचं.

भाजीच्या दोन जाळीदार टोपल्या एकमेकींवर बांधून, त्यात फौजदाराला कोंबून त्या एसटीने धुळ्याला गेल्या. तिथली प्राण्यांची डॉक्टर मृणाली, तिशीचीसुद्धा नसेल. नखांना रंग. ही काय सांगणार, असं मनाशी म्हणतच द्रौपदाबाई बसल्या. पण पोरीने नीट सांगितलं. साखर चारशे वीस.

"दोन रस्ते आहेत, सिस्टर. गोळी थोड्याच मांजरांना लागू पडते. अंगात स्वतःचं इन्सुलिन थोडंफार बनत असेल तरच. उलट्या होऊ शकतात. इन्सुलिन बारा-बारा तासांनी, खाणं दिल्यावर, एक युनिट. साखर फार उतरू नये म्हणून लक्ष ठेवायचं. पण लवकर सुरू केलं, तर काही मांजरांची पुढे सुईसुद्धा सुटते. मी तर इन्सुलिनच म्हणेन. आणि तुम्ही नर्स होतात म्हणता, तुम्हाला सुई काय शिकवायची!"

द्रौपदाबाईंनी मांडीवरच्या फौजदाराकडे पाहिलं. त्याने डोकं त्यांच्या कोपरात खुपसलं होतं.

"गोळीच द्या," त्या म्हणाल्या. "मी एकटी. बाहेरगावी जावं लागतं. वेळा पाळणं जमायचं नाही."

वर्षभरात त्या बाहेरगावी गेल्या त्या फक्त आज, धुळ्याला.

मग तीन आठवडे घरात युद्ध चाललं. फौजदाराला टॉवेलात गुंडाळायचं, जबडा उघडायचा, गोळी घशात लोटायची. तो फेस काढायचा, ओकायचा, ओरबाडायचा. मनगटं सोलून निघाली. बाईंची चाहूल लागली की बोका कपाटाखाली जायचा. जो उशाशी झोपायचा, तो आता त्यांच्या सावलीलाही उभा राहीना.

"गोळीच बरी, अक्का," नाना म्हणाले. "तुम्ही बी शेवटी माझ्याच रस्त्याले आल्या."

हे मात्र झोंबलं. या पेढेखाऊच्या रांगेत आपण! घरात येऊन त्या खाटेवर बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःकडे नानांकडे बघायच्या त्या नजरेने पाहिलं. कसलं बाहेरगाव आणि कसल्या वेळा? आपल्या मांजराच्या कातड्यात सुई घालायची हिंमत नव्हती, एवढंच. परक्यांची हजारो लेकरं टोचली आणि स्वतःच्या बोक्यापाशी हात गळाला. उपकेंद्राच्या दारात रडणाऱ्या त्या बायका निदान खोटं तरी बोलत नव्हत्या.

तपासणीत साखर तीनशे नव्वद निघाली. "सुई द्या," त्या मृणालीला म्हणाल्या. "आणि मागच्या वेळी मी खोटं बोलले." पोरीने मान हलवली आणि पुढचं सांगायला घेतलं.

पहिल्या सकाळी वाटीत उकडलेली कोंबडी ठेवली. फौजदार दबकत आला, खाऊ लागला. द्रौपदाबाईंनी मानेमागचं कातडं चिमटीत धरलं. दोनदा सोडलं, पुन्हा धरलं. असं करताना एखादी शिकाऊ नर्स दिसली असती, तर त्यांनी तिला खोलीबाहेर काढलं असतं. सुई आत गेली, बाहेर आली. बोक्याने कान हलवला आणि कोंबडीचा पुढचा तुकडा उचलला.

"एवढंच?" त्या मोठ्याने म्हणाल्या, आणि गेलेल्या तीन आठवड्यांसाठी स्वतःला एक ठेवणीतली शिवी हासडली.

पावसाळा सरता सरता बोका पुन्हा पंजांवर चालू लागला. सुई सुटली नाही, पण मात्रा अर्ध्यावर आली. मोरी कोरडी दिसू लागली.

दिवाळीनंतर भटूनानांच्या अंगठ्याची जखम चिघळली. डॉक्टरांची चिठ्ठी आणि इन्सुलिनची पेटी घेऊन ते दारात उभे राहिले. "अक्का, तुम्हीच टोचा. घरमा कोणाले जमत नही."

"पेढे?"

"सोडात."

"खोटं."

द्रौपदाबाईंनी नानांना ओट्यावर बसवलं, पोटावरचा सदरा वर करायला लावला. सुई दिसताच नानांनी डोळे गच्च मिटले आणि ओठ थरथरू लागले. द्रौपदाबाईंच्या जिभेवर नेहमीचं वाक्य आलं होतं. ते गिळून त्या एवढंच म्हणाल्या, "श्वास सोडा."

टोचून झाल्यावर मात्र त्यांच्याने राहवलं नाही. "सुई टोचताना बोका खात असतो, नाना. तुम्ही निदान रडू तरी नका."